खचलेल्या कामगाराला सहाय्यता कार्यक्रमाकडे कसं पाठवावं: खान्देशातल्या सुपरवायझर आणि एचआरसाठी

चांगला ऑपरेटर एका दिवसात बिघडत नाही. आधी सोमवारचे खाडे सुरू होतात, मग उचल वाढते, मग रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारा माल. तोवर कँटीनमध्ये कुणीतरी बोलून जातं, "त्याचं घरी काहीतरी चाललंय." पुढच्या महिन्यात त्याच्या हातात वॉर्निंग लेटर पडतं. खाडा आणि लेटर यांच्यामध्ये जे दीड-दोन महिने जातात, त्यात काय करायचं हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. बहुतेक सुपरवायझर एक तर रागावतात किंवा स्वतःच घरगुती सल्लागार होऊन बसतात. दोन्हींनी काम बिघडतं.

मोठ्या कंपन्यांत यासाठी एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम असतो, सगळे त्याला ईएपी म्हणतात. याची सुरुवात अमेरिकेतल्या कारखान्यांत, १९४० च्या दशकात, दारूमुळे हातची जाणारी कुशल माणसं टिकवण्यासाठी झाली. आज त्यात ताण, नैराश्य, कर्ज, घरातली भांडणं, व्यसन, कोर्टकचेरी असं सगळं येतं. कंपनी एका बाहेरच्या संस्थेशी करार करते. कामगार आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या घरचेही तिथल्या समुपदेशकाबरोबर ठरावीक संख्येच्या बैठका फुकट घेऊ शकतात. संस्था कंपनीला फक्त एकूण आकडे देते, नावं देत नाही.

आता खान्देशातली अडचण. जळगाव एमआयडीसीत, धुळ्याच्या अवधानला किंवा शिरपूरच्या मिलमध्ये सुपरवायझर आणि ऑपरेटर एकाच शिवारातले निघतात. टाईम ऑफिसचा क्लार्क त्याच्या साडूचा मित्र असतो. दुपारी केबिनमध्ये बोललेलं संध्याकाळी पारावर पोहोचतं, आणि रविवारी कुणाच्या गंधमुक्तीला गेलं की सोयरे विचारतात, "काय भो, डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं म्हणे?" पोरीची सोयरीक चालू असेल तर विचारायलाच नको. इथे माणूस मदत नाकारतो तेव्हा समुपदेशनावर विश्वास नाही असं क्वचितच असतं. बातमी फुटेल ही त्याची भीती असते, आणि ती रास्त असते. म्हणून खालची प्रत्येक पायरी एकाच कसोटीवर तपासा: कामगार, त्याच्याशी बोलणारा आणि समुपदेशक सोडून यातून चौथ्या माणसाला कळेल का?

तुमच्याकडे काय आहे ते आधी बघा

तुमची कंपनी पुण्या-मुंबईच्या ग्रुपमधली असेल तर ईएपी बहुधा आहे, फक्त प्लांटवर कुणाला माहीत नाही. हेड ऑफिसच्या एचआरला चार प्रश्न विचारा: नंबर चोवीस तास चालतो का, मराठीत बोलणारा माणूस मिळतो का, ठेकेदाराची माणसं त्यात येतात का, आणि किती बैठका फुकट आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा "नाही" असतं. प्लांटवरची निम्मी माणसं ठेक्यावरची असतील तर हे आधी सोडवा. करार नवा होताना ठेका कामगार त्यात घालून घेता येतात.

चाळीस माणसांचं चटईचं युनिट किंवा डाळ मिल असेल तर ईएपी नसणार. मग स्वतःची यादी करायची. एका कार्डावर मावेल एवढी पुरे:

टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. फुकट, चोवीस तास, मराठीत. परप्रांतीय कामगाराला त्याच्या भाषेतही बोलता येतं.

व्यसनासाठी १४४४६, हीसुद्धा राष्ट्रीय आणि फुकट.

जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतला मनोविकार विभाग. ओपीडीचे वार आणि वेळ स्वतः जाऊन विचारून घ्या आणि कार्डावर लिहा. माणसाला "सिव्हिलला जा" म्हटलं की तो केसपेपरच्या रांगेतूनच परत येतो. "मंगळवारी नऊला, अमुक नंबरच्या खोलीत" म्हटलं तर जातो.

कायद्याच्या भानगडींसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. हे फार थोड्यांना ठाऊक आहे: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराचा वेगळा उल्लेख आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांच्याप्रमाणे त्यालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

बाईवर घरात मारहाण होत असेल तर १८१.

हे कार्ड नोटीस बोर्डावर लावाच, पण खरी जागा म्हणजे संडास-बाथरूमच्या दाराची आतली बाजू. तिथे नंबर लिहून घेताना कुणी बघत नाही.

कारण शोधू नका, काम लिहा

रेफरल, म्हणजे माणसाला मदतीकडे पाठवणं, नीट व्हायचा असेल तर सुरुवात वहीने होते. सुपरवायझरने दोन-तीन आठवडे फक्त डोळ्याला दिसलेलं लिहायचं: तारीख, पाळी, काय झालं. "हल्ली पिऊन येतो" हे लिहिण्यासारखं नाही. "१२ तारीख, रात्रपाळी, दीड तास उशिरा, बोलताना जीभ अडखळत होती, मशीनवर घेतलं नाही" हे लिहिण्यासारखं आहे. "डिप्रेशनमध्ये दिसतो" हे तर मुळीच नको. तुम्ही डॉक्टर नाही. आणि ती वही उद्या लेबर कोर्टात निघाली तर तुमचा हा अंदाज तुमच्याच अंगावर येईल.

बघण्यासारख्या गोष्टी बहुतेक ठरलेल्या असतात. पगाराच्या नंतरचे आणि सोमवारचे खाडे. महिन्याला तीन वेळा उचल. सेफ्टीचे नियम जो कधी मोडत नव्हता, त्याने गार्ड काढून मशीन चालवणं. डबा न उघडता परत नेणं. नेहमी कट्ट्यावर बसणारा एकटाच गेटपाशी बसू लागणं. आखाजीच्या दिवसांत पत्ते बसतात, ते आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. पण आखाजी होऊन दोन महिने झाले तरी माणूस जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर रमी खेळत असेल आणि उचल मागत असेल, तर ते वेगळं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी घातली, तरी डोक्यावर आधीचं कर्ज उरतंच, आणि लत दुसरी वाट शोधते.

एक-दोन गोष्टींवर धावपळ करू नका. कपाशीची वेचणी चालू असली की खाडे वाढतात, लगीनसराईत उचल वाढते, मे महिन्यात ४५ अंशाच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली कुणाचंही टाळकं फिरतं. त्या माणसाचा नेहमीचा नमुना मोडला का, एवढंच बघायचं.

कधी थांबायचं नाही

चार प्रसंगांत वही, बैठक, कार्ड हे सगळं बाजूला ठेवायचं.

पहिला, जीव देण्याची भाषा. आपल्याकडे ती सरळ येत नाही. "आता काही राम राहिला नाही", "माझ्यामागे पोरांचं कुणी बघेल का", किंवा अचानक देणीघेणी मिटवून, मोटारसायकल भावाच्या नावावर करून टाकणं. असं कानावर आलं तर बाजूला घेऊन स्पष्ट विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही, हे मानसोपचारात पक्कं झालेलं आहे. उलट माणूस मोकळा होतो. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, एकट्याने मोटारसायकलवर घरी पाठवायचं नाही. घरचं कोण बोलवायचं हे त्यालाच विचारा. टेली-मानसला तिथूनच फोन लावा किंवा थेट सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. आणि खान्देशात एक प्रश्न विसरायचा नाही: घरी फवारणीचं औषध आहे का? इथे बऱ्याच कामगारांची शेती आहे, आणि कपाशीवर मारायच्या औषधाचे डबे माळ्यावर किंवा पलंगाखाली असतात. घरच्या माणसाला सांगून तो डबा त्याच दिवशी घराबाहेर, शेजाऱ्याकडे किंवा कुलपात जाऊ द्या. तेवढ्याने जीव वाचतात, कारण ती लाट बऱ्याचदा काही तासांत ओसरते. कुणी औषध पोटात घेतलंच असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ लावा आणि डबा सोबत द्या, डॉक्टरला औषधाचं नाव लागतं.

दुसरा, पिऊन मशीनवर. त्या पाळीला मशीन नाही, गाडीची किल्ली नाही, घरी सोबत माणूस. बोलणं दुसऱ्या दिवशी. आणि रोज पिणाऱ्याला "उद्यापासून थेंब नको, नाहीतर नोकरी गेली" असा दम देऊ नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होतो, वेळीच उपचार नसतील तर माणूस जातोही. सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

तिसरा, त्रास देणारा कारखान्यातलाच असेल. बाई कामगार सुपरवायझरच्या वागण्याने खचली असेल तर तिला समुपदेशनाला पाठवून मोकळं होणं म्हणजे शुद्ध पळवाट. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते हे तिला सांगायला हवं. समुपदेशन त्याच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नाही.

चौथा, माणूस भलतंच बोलतोय, नसलेले आवाज ऐकतोय, सगळे आपल्या वाईटावर आहेत म्हणतोय. इथे ईएपीच्या फोनने भागत नाही, घरच्यांना घेऊन मनोविकारतज्ज्ञ. घरचे आधी भगताकडे नेतील. त्यांची चेष्टा करू नका. "तिकडे जाऊन या, पण डॉक्टरची गोळी थांबवू नका" एवढं म्हटलं तर दोन्ही होतं. चेष्टा केली की डॉक्टर सुटतो, भगत राहतो.

बोलायला बसण्याआधी

जागा अशी हवी की काचेतून शॉप फ्लोअर दिसत नाही. स्टोअरमागची खोली, ट्रेनिंग रूम, मीटिंग रूम. मालकाची केबिन नको, तिथे बोलावलं की माणूस आधीच अर्धा मेलेला असतो. वेळ पाळीच्या पहिल्या निम्म्यात. रात्रपाळी सुटताना नको, पगाराच्या दिवशी नको, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर नकोच, कारण मग तो दीड दिवस ते एकटाच चघळत बसतो.

बोलणारा एकच. सुपरवायझर भाऊबंदातला असेल तर एचआरने बोलावं. बाई असेल तर खोलीत दुसरी बाई हवी, पण तिच्या गल्लीतली नको. सातपुड्यातून आलेला पावरा किंवा भिल्ल कामगार असेल आणि मराठीत अडखळत असेल तर त्याच्या भाषेचा माणूस लागेल, तो कोण चालेल हे त्यालाच विचारा. मुकादमाला दुभाषा करायचं नाही, बहुतेक वेळा उचल त्याचीच थकलेली असते.

प्रत्यक्ष बोलणं

एक प्रसंग जवळून बघू, काल्पनिक पण रोज घडणारा. पाईप प्लांट, एक्स्ट्रुडरवरचा (पाईप काढणाऱ्या मशीनवरचा) जुना ऑपरेटर, वय पन्नाशीच्या पुढे. सगळे त्याला आबा म्हणतात. शिफ्ट इंजिनिअर तिशीचा.

"आबा, बसा. दरवाजा लावून घेतो. इथलं तुमच्या-माझ्यात राहील."

"काय व्हयनं साहेब?"

"एक तारखेपासूनची नोंद आणलीय. चार खाडे, दोन न सांगता. बुधवारच्या रात्री ९० एमएमच्या पाईपाची जाडी दोनदा कमी निघाली, आणि सॅम्पल मोजल्याची नोंद नाही. तुम्ही इतकी वर्षं या मशीनवर आहात, मोजल्याशिवाय तुम्ही पाईप पुढे सोडत नाही हे आम्हाला माहीत आहे. म्हणून विचारतोय."

"काही नही. बेस शे सगळं."

इथे बहुतेक जण घाईने पुढे बोलतात, आणि तिथेच हातचं जातं. गप्प बसायचं. पंखा फिरू द्यायचा. आबा टोपी काढून मांडीवर ठेवतील, घडी घालतील, उलगडतील. मिनिटभराने कधीकधी येतं:

"झोपच येत नही भो."

झालं. यापुढे "का?" विचारायचं नाही. पोरीचं लग्न, पतसंस्थेत अडकलेली ठेव, सावकार, बायकोचं आजारपण, यातलं जे सांगायचं ते ते सांगतील, नाही तर नाही. "मी बघतो पैशाचं" असं तर अजिबात म्हणू नका. ते तुमच्याने होणार नाही, आणि झालं तर पुढच्या महिन्यात दहा जण दारात उभे राहतील. म्हणायचं ते असं:

"आबा, झोपेचा, घरचा, पैशाचा, कसलाही घोर असो, त्यासाठी कंपनीने एक सोय केलीय. हा नंबर. फोन उचलणारा जळगावचा नाही, तुम्हाला ओळखणारा नाही. तुम्ही काय बोललात ते मला, मालकाला, कुणालाच कळत नाही. मला फक्त काम पूर्वीसारखं हवंय. खाडा असेल तर आधी फोन, आणि दर तासाला जाडीची नोंद. पंधरा दिवसांनी परत बसू."

यात तीन गोष्टी झाल्या: काय बिघडलं ते तारखेनिशी सांगितलं, मदतीची वाट दाखवली, आणि कामाची अपेक्षा ढिली केली नाही. यातली तिसरी दयेपोटी गळते. ती गाळली तर माणसाला वाटतं आपण आता कामाचे राहिलो नाही, आणि तो आणखी खचतो.

"वेडा समजता काय मला?" असं कुणी उसळून म्हणालं तर वाद घालू नका. "नाही. रिजेक्शन वाढलं म्हणून बोललो. नंबर खिशात राहू द्या." बस. बऱ्याच जणांचा फोन नंतरच जातो, आणि तुम्हाला तो कधी कळतही नाही.

पहिला फोन

सगळ्यात जास्त माणसं कार्ड घेतल्यापासून फोन लावेपर्यंतच्या वाटेवर गळतात. घरी दोन खोल्या, पोरं अभ्यासाला बसलेली, फोनवर बोलायचं कुठे? म्हणून विचारा: "आत्ता इथूनच लावता का? मी बाहेर थांबतो." खोली द्या, वीस-तीस मिनिटं मशीनवर बदली माणूस द्या आणि दार ओढून खरंच लांब जा. दाराबाहेर घुटमळू नका.

पाळीवरच्या लोकांना काय सांगायचं हेही आधी ठरवा. "स्टोअरचा हिशेब बघायला बोलावलंय" असलं खोटं पकडलं जातं. "माझ्याकडे काम होतं" पुरतं.

परत येणाऱ्या फोनचाही विचार करा. बऱ्याच घरांत मोबाइल सामाईक असतो, बायको किंवा पोरगा उचलतो. समुपदेशकाला पहिल्याच फोनवर सांगायला लावा की कोणत्या वेळेत फोन करायचा आणि दुसऱ्याने उचलला तर काय म्हणायचं. समोरासमोर बैठक ठरत असेल आणि त्याला जळगावात कुणी बघेल ही धास्ती असेल, तर भुसावळ किंवा धुळं चालेल का, नाहीतर व्हिडिओवर, हे विचारून घ्या. पॅसेंजरचं तिकीट स्वस्त आहे, पण दिवस मोडतो, म्हणून सुट्टीची व्यवस्था आधी करा.

सुचवणं आणि लेखी रेफरल

आतापर्यंत सांगितलं ते अनौपचारिक सुचवणं. दहातल्या बऱ्याच प्रसंगांत तेवढ्यावर भागतं आणि तेवढ्यावरच भागवावं. तुमच्याबरोबर अशा दोन बैठका होऊनही काम सुधारलं नाही, किंवा पिऊन येण्यासारखा सेफ्टीचा प्रश्न असेल, तर लेखी रेफरल. पत्र लहान असू द्या, साधारण असं:

"दिनांक … ते … या काळात आपण … दिवस विनापरवानगी गैरहजर होता, तसेच दिनांक … रोजी … अशी नोंद झाली. याबाबत आपल्याशी … रोजी चर्चा झाली. कंपनीच्या सहाय्यता कार्यक्रमाचा लाभ घ्यावा अशी आमची शिफारस आहे. तो घ्यायचा की नाही हा आपला निर्णय आहे. समुपदेशनातील कोणतीही माहिती कंपनीला दिली जाणार नाही. आपण लेखी संमती दिल्यास केवळ आपल्या उपस्थितीची नोंद कळवली जाईल. कामाबाबतच्या अपेक्षा पुढीलप्रमाणे कायम आहेत: …"

पत्रात आजार, व्यसन, घर यातलं एक अक्षर नको. पत्र मराठीत, वाचून दाखवून, एक प्रत त्याच्या हातात. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवलं याची नोंद करा, नुसता अंगठा घेऊ नका.

संमतीच्या कागदावर ईएपी संस्थेने "हजर राहिला" यापलीकडे काही लिहून पाठवलं तर ते परत करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचाराची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. तुमच्याकडे ती आलीच नाही तर तुमच्याकडून फुटायचा प्रश्नच नाही. रेफरलची फाईल पर्सनल फाईलमध्ये लावायची नाही. वेगळी, कुलपात, एकाच माणसाकडे किल्ली.

पैसा, रजा, औषध

खान्देशातल्या बऱ्याच "मानसिक" प्रकरणांच्या तळाशी कर्ज सापडतं. समुपदेशक धीर देईल, पण सावकाराला आवर घालणार नाही. विनापरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ त्यासाठीच आहे. वसुलीवाले गेटवर येत असतील तर सिक्युरिटीला सांगून ते बंद करा. गेटवर चारचौघांत झालेला अपमान हा इथे फार मोठा घाव असतो.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर माणूस ईएसआयसीत, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत, असायला हवा. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, आणि त्यात मनाचा आजारही आजारच आहे. सायकोसिससारख्या काही गंभीर मानसिक आजारांत अटी पूर्ण होत असतील तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. अडचण येते ती अशी की ठेकेदाराने वर्गणी भरलेलीच नसते आणि आजारपणातच ते उघडं पडतं. ठेकेदाराकडून दर महिन्याच्या बिलासोबत वर्गणी भरल्याच्या चलनाची प्रत मागायची सवय लावा.

औषधं सुरू झाली की झोप येते, विशेषतः पहिले काही आठवडे. अशा माणसाला कटरवर, फोर्कलिफ्टवर, उंचीवर ठेवू नका. "कोणती गोळी चालू आहे?" हे विचारू नका, "डॉक्टरने कोणतं काम करू नका म्हटलंय?" हे विचारा आणि तेवढंच फिटनेसच्या कागदावर लिहून मागा. रात्रपाळी काही दिवस काढून टाकता आली तर बघा, मोडलेली झोप बसवायला त्यासारखं काही नाही. नाईट अलाउन्स बुडेल म्हणून तो स्वतःच नको म्हणेल, ते आधी बोलून घ्या.

पंधरा दिवसांनी

ठरलेल्या दिवशी बसायचंच. तुम्ही विसरलात तर त्याला कळतं की सगळं वॉर्निंग लेटरच्या तयारीसाठी होतं. या बैठकीत "गेलात का तिकडे?" विचारायचं नाही. वही उघडायची: खाडे एकावर आले, जाडीच्या नोंदी पूर्ण आहेत, शनिवारी मात्र उशीर. सुधारलं ते आधी सांगा. मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. व्यसनात माणूस पुन्हा घसरतो, हे धरूनच चाला. एका घसरणीवर "ह्याचं काही होणार नाही" म्हणणारा सुपरवायझर या कामाला नको.

तो व्यसनमुक्ती केंद्रातून परत येईल तेव्हा पाळीवरची पोरं टोमणे मारतील. पहिल्या दिवशी मुकादमाला एवढंच सांगा की टोमणा मारणाऱ्याचीही नोंद वहीत होईल.

आणि मालकासाठी एक कडू गोष्ट. सलग बारा तासांच्या पाळ्या, दोन-दोन महिने लांबलेला पगार आणि पंखा नसलेली शेड यांच्यावर ईएपीचा उतारा चालत नाही. एकाच विभागातून वर्षात चार-पाच माणसं पाठवायची वेळ आली तर त्या विभागाचा सुपरवायझर, पाळ्या आणि टार्गेट तपासा.

तो नाहीच म्हणाला तर

तो त्याचा हक्क आहे. नाकारलं म्हणून शिक्षा नाही, आणि स्वीकारलं म्हणून माफीही नाही. कामातला दोष राहिलाच तर नेहमीची प्रक्रिया नेहमीप्रमाणे चालेल: स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे (कारखान्याच्या सेवा-शिस्तीच्या नियमांप्रमाणे) नोटीस, त्याचं म्हणणं, चौकशी. फक्त प्रत्येक नोटिशीच्या तळाशी सहाय्यता कार्यक्रमाचा नंबर पुन्हा छापा, शेवटच्यावरसुद्धा. नोकरी सुटत असेल तर हिशेबाच्या दिवशी विचारून घ्या की समुपदेशनाच्या बैठका संपल्यात का. काही करारांत नोकरी गेल्यानंतरही थोडे दिवस सोय चालू राहते. तुमच्या करारात नसेल तर टेली-मानसला फोन करायला नोकरी असावी लागत नाही, हे त्याला सांगा आणि कार्ड हिशेबाच्या पाकिटात टाका.